ओबेड लॅथ्रपचे वारस

आमच्या गावात ओबेड लॅथ्रपचा वंशज असणं ही एक नोकरीच आहे, फक्त पगार नाही. सोळाशे अडतीस साली तो मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर उतरला. त्यानंतर कोणी उतरलंच नाही, अशा थाटात आम्ही वागतो. त्याच्या वंशजांच्या मंडळाचा मी एकोणीस वर्षं चिटणीस. खरा वंशज कोण आणि उपरा कोण, हे मी ठरवतो.

रोंडा ऑर्कट शाळेची बस चालवते. तिचा अर्ज मी दोनदा परत पाठवला. ओबेडच्या पेशन्स नावाच्या मुलीपासून आपलं घराणं निघालं, असं तिचं म्हणणं. अशी मुलगी होती याला पुरावा नाही, असं माझं.

पुरावा होता. चर्चच्या जुन्या वहीत, एकेचाळिसाव्या पानावर, पेशन्सचा बाप्तिस्मा नोंदलेला आहे. चिटणीस झालो त्याच वर्षी मी ती नोंद वाचली. अडचण त्याखालच्या ओळीची होती : ओबेडचा मुलगा जेबेझ, वय तीन आठवडे, दफन. मी या जेबेझचा वंशज. माझ्या वंशावळीत त्याला नऊ मुलं आहेत.

मंगळवारी रोंडा पुन्हा आली. हातात ब्लूबेरीचे मफिन.

"भांडायला नाही आले, लॅथ्रपसाहेब. आईला ब्याऐंशीवं लागलं. म्हणते, त्या माणसाला एवढं कळतं, तर त्यालाच विचार ना कुठे शोधायचं."

"अर्ज आणलात?"

"कशाला? तुम्ही परत पाठवणार. पोस्टमनच्या पायांचाही विचार करायला हवा."

मी हसलो. मफिन अजून गरम होते.

"चर्चची जुनी वही बघा," मी म्हणालो. "पान एकेचाळीस."

"अगंबाई, पानसुद्धा पाठ!" ती खूश झाली. "आई बरोबर म्हणत होती."

गुरुवारी ती अर्ज आणि पानाची प्रत घेऊन आली. कागद खालून दुमडून चिकटपट्टीनं बंद केला होता. पेशन्सची ओळ दिसत होती, जेबेझची नाही.

"मला एवढंच लागतं," ती टेबलाकडे बघत म्हणाली. "कुणी विचारलंच तर झेरॉक्सचं मशीन बिघडलं होतं."

"तुम्ही वाचलंत, रोंडाबाई."

"बसमध्ये चाळीस पोरं असतात, साहेब. कोण काय करतं ते आरशात रोज दिसतं. प्रत्येकाच्या घरी थोडंच सांगत बसते?"

म्हणजे मी एकेचाळिसावा. बहुधा पुढच्या बाकावरचा, जिथे ओकणाऱ्यांना बसवतात.

मी नखानं चिकटपट्टी काढली.

"राहू द्या हो," ती म्हणाली.

सही करायला पेन उचललं आणि थांबलो. मंजुरीवर चिटणीसाची सही लागते, आणि चिटणीस ओबेडचा वंशज असावा लागतो. त्या खोलीत तशी एकच व्यक्ती होती, आणि ती अर्जदार होती.

मी मंडळाच्या अध्यक्षबाईंना फोन लावला. त्या घरी नसाव्यात असं मनापासून वाटत होतं. पहिल्याच घंटेला त्यांनी उचलला.