राखण्यांचं तळं

थोरलीने पेला उजेडाकडे धरला. तळाशी गाळ बसत होता. तिने पाणी गवतात ओतून दिलं, पेला विसळला आणि बांधाच्या पायथ्याशी, जिथे पाझर फुटला होता तिथे, पुन्हा टेकवला.

"दुसऱ्यांदा भरलास म्हणून ते तुझ्या मनासारखं येणार आहे का?" बांधावरून तिच्या वडिलांनी, अण्णांनी विचारलं.

"मघाशी माझा हात लागून माती ढवळली असेल."

"असेल. आणि मी अजून तिशीत असेन."

दुसरा पेलाही गढूळच निघाला. तिने तो हातात तसाच धरून ठेवला. ओतून द्यायला आता कारण उरलं नव्हतं.

अण्णांचा उभा जन्म मातीकामात गेला होता, थोरलीचा माशांच्या अभ्यासात. हे तळं दोघांनी मिळून केलेलं. ओढ्यावर एक बुटका मातीचा बांध, मासे, बगळे आणि पाणमांजरं यांच्यासाठी म्हणून घातलेला. त्यातून ना कुणाच्या शेताला पाणी जायचं, ना कुणाच्या नळाला. "माझ्या आयुष्यातलं पहिलं बिनकामाचं काम," असं अण्णा भेटेल त्याला मिशीत हसत सांगायचे.

मातीचा बांध थोडाफार पाझरतोच. पाझर स्वच्छ असेल तोवर काळजी नसते. तो गढूळ झाला की समजायचं, बांध आतून स्वतःचीच माती बाहेर टाकतोय. आत एक नळी तयार होते आणि मागे मागे, पाण्याच्या दिशेने सरकत जाते. वरून काहीच कळत नाही, गवतसुद्धा हिरवंगार असतं. मग ती नळी तळ्याला भिडते आणि बघता बघता बांध वाहून जातो.

ओढ्याच्या खालच्या वळणावर धाकटी बहीण राहायची. घरातच तिचं पाळणाघर होतं. थोरलीने तिला फोन लावला.

"पोरांना घरी पाठव."

"सगळ्यांना? आयांना काय सांगू, मावशीच्या माशांनी बंड केलंय म्हणून?"

"बांध गळतोय. पाणी गढूळ आहे."

पलीकडे एक पोर झोपेत कुरकुरलं. मग धाकटी हळू आवाजात म्हणाली, "आत्ताच कुठे झोपवली होती गं." आणि तिने फोन ठेवला.

अण्णांनी पाझरावर आधी वाळूचा थर घातला, त्यावर खडी, त्यावर दगड. पाणी अडवायचं नाही, फक्त माती अडवायची. पाझर बुजवला तर पाणी दुसरीकडून फुटणार. थोरली पाट्या भरभरून देत राहिली. तिचे तळहात सोलवटले. दगडांमधून पाणी निथळू लागलं, स्वच्छ, आणि तिला आनंदाने ओरडावंसं वाटलं. पण ती पेला भरायला वाकली तेव्हा डाव्या अंगाला, जुन्या झाडाच्या सरळ रेषेत, गवत ओलं झालेलं दिसलं. तिथून चहासारखं पाणी येत होतं.

दोघंही झाडाकडे बघत राहिले. त्याची निम्मी मुळं बांधाखाली गेली होती. बांध घालताना झाडावर बगळ्यांची घरटी होती आणि ते तोडू नये म्हणून थोरलीने हट्ट धरला होता. पुढच्याच वर्षी झाड वाळलं. मुळं कुजली, की त्यांच्या जागी मातीत पोकळ्या राहतात.

"बोला की," थोरली म्हणाली. "जन्मात कधी झाड ठेवून बांध घातला नव्हता, असं म्हणा एकदाचं."

"तू मागितलंस, मी दिलं. गाढवपणात दोघांची भागीदारी आहे." अण्णांनी हात झटकले. "सांडवा खोल करतो. पाणी दोन हात खाली आणलं की बांधावरचा जोर उतरेल. बांध वाचेल, धाकटीचं घर वाचेल."

"दोन हात नको."

"मग किती? बांधाला विचारून येऊ?"

"अण्णा, वीण आहे त्या दोन हातांत."

तळ्यात राखण्या नावाचा मासा होता. बोटाएवढा, मळकट, कुणी वळून बघू नये असा. वरच्या ओढ्यात तो होता तोवर कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. मग ओढा नासला आणि थोरलीने टोपलीभर मासे इथे आणून सोडले. त्यानंतर तिला तो दुसरीकडे कुठेच सापडला नाही. त्याची मादी उथळ, उबदार पाण्यात, सपाट दगडाला अंडी चिकटवते आणि नर ती राखत बसतो. थोरलीने काठाने फुटक्या कौलांचे तुकडे मांडून ठेवले होते, आणि या वर्षी जवळजवळ प्रत्येक कौलावर अंडी होती. गेल्या वर्षी तळं भरलंच नाही, वीण झाली नाही. हा मासा जेमतेम दोन वर्षं जगतो.

"चार दिवस द्या," ती म्हणाली. "पिलं सुटली की हवं तर तळं रिकामं करा."

"मी कोण देणारा?"

"वाळू आणखी आणू. रात्रंदिवस मी बसते इथे."

"तू बसशील. पाणी बसेल का?"

धाकटी धापा टाकत चढ चढून आली. कडेवर एक तान्हं होतं. "हिची आई फोन उचलत नाहीये," ती म्हणाली. "बाकीची गेली. काय ठरलं?"

धाकटीने बापाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, मग चहाच्या रंगाच्या त्या धारेकडे पाहिलं. घराबद्दल ती एक शब्दही बोलली नाही. बोलली असती, तर थोरलीला भांडता आलं असतं.

"खणा," थोरली म्हणाली.

अण्णा बांधाशेजारी उभ्या असलेल्या खोदाईच्या मशीनवर चढले, पण ते सुरू करेनात. "तूच सांगितलंस, हां," ते म्हणाले.

"मीच सांगितलं. खणा आता."

सांडव्यातून पाणी धावू लागलं तशी ती काठावरून तळ्यात उतरली. पहिलं कौल उचलून तिने एकदम खोल पाण्यात नेऊन ठेवलं. राखण्या त्याच्यामागे गेलाच नाही. तो आपल्या जागी परतला आणि जिथे आता काही नव्हतं, त्या चिखलावर पंख हलवत पहारा देऊ लागला. तिकडे खोलात दुसरे मासे कौलावर तुटून पडले, आणि अंडी गेली.

दुसऱ्या वेळी ती शहाणी झाली. तिने कौल फक्त वीतभर सरकवलं आणि थांबली. नर बावचळला, फिरला, तिच्या बोटांना चावला, मग कौलाशी आला. पुन्हा वीतभर. पुन्हा थांबणं. पाणी जसं उतरत होतं, तसं कौल उतरवायचं. त्याहून लवकर नाही आणि त्याहून उशिरा तर नाहीच. एका हाताखाली एक कौल, दुसऱ्या हाताखाली दुसरं. तिसरा हात नव्हता.

"मी काय करू?" धाकटीने काठावरून विचारलं.

"तान्हीला गवतावर ठेव आणि उतर. हात लावलास की हलायचं नाही. तो चावेल."

"पोरं रोज चावतात मला," धाकटी म्हणाली आणि कपड्यांसकट पाण्यात उतरली.

काठ उघडा पडत चालला. एकेक कौल हवेत आलं आणि त्यावरची अंडी उन्हात चमकून सुकू लागली. उरलेले राखण्या आपापल्या कौलाजवळच्या चिखलात, अंगापुरत्याही न उरलेल्या पाण्यात, पंख मारत होते. खोल पाणी हाकेच्या अंतरावर होतं आणि एकही त्याकडे वळत नव्हता. थोरलीला ते फडफडणं ऐकू येत होतं. तिने मान वळवली नाही. वळवली असती तर हात हलला असता.

अण्णा मशीन बंद करून पायथ्याशी गेले.

"अण्णा?"

"निवळतंय," ते खालून म्हणाले. "अजून पुरतं नाही. पण निवळतंय."

तिने हुं केलं. बांध राहणार होता. मग गुडघे धरत अण्णा वर आले, पायजमा वर खोचला आणि विचारलं, "कुठलं घेऊ?"

"तुमच्या पायाशी आहे ते. पाण्यात आहे अजून. हळू."

"मातीला सवय आहे गं माझ्या हाताची, माशाला नाही," असं पुटपुटत ते वाकले. त्यांच्या राखण्याला तो हात आवडेना. तो येई आणि जाई, येई आणि जाई. काठावर तान्ही रडू लागली. धाकटी तिच्याशी पाठमोरीच बोलत राहिली, काहीबाही, हात न हलवता.

थोरलीच्या डाव्या हाताखालचा नर बराच वेळ परतला नाही. ती वाट पाहत राहिली. पाणी आणखी उतरलं, कौलाची कड उघडी पडली, आणि त्याच्याशिवायच तिला ते वीतभर खाली सरकवावं लागलं.