त्या दिवसापर्यंतचे पत्ते

सारिकावहिनी पाण्याचा तांब्या पुढे धरून उभी राहिली, पण कामिनीने तो घेतला नाही. ती वहिनीच्या शेजारून थेट आतल्या ऑफिसात गेली, खुर्ची ओढली आणि पर्समधला पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला.

“ये इकडे,” ती दाराकडे न बघता म्हणाली. “काय पाठवलंयस ते एकदा बघ.”

तिचा भाऊ प्रेमराज शेडमधून आला. केळी कापायच्या मशीनचं पातं बदलता बदलता उठून आला होता, हात चिकाने काळे झाले होते. ते फडक्याला पुसत तो तिच्या मागे उभा राहिला. पडद्यावर एकाखाली एक मेलचे पत्ते होते, आणि प्रत्येक पत्त्याच्या आधी, जिथे माणसाचं नाव यायला हवं तिथे, प्रश्नचिन्हं. गावाच्या जागी प्रश्नचिन्हं. शेऱ्याच्या जागी तर ओळच्या ओळ प्रश्नचिन्हांची.

“हेच म्हंतो मी,” प्रेमराज म्हणाला. “मशीनच बिघडलं अशीन.”

भुसावळला बस बदलताना, सावद्याला केळीच्या ट्रकांमागे बस खोळंबली तेव्हा, नशिराबादहून रावेरपर्यंतच्या सगळ्या वाटेवर कामिनी मनात हेच वाक्य ऐकत आली होती. काल फोनवर तो हेच म्हणाला होता.

धंदा दोघांचा होता. बाजारात भाव न मिळालेली कच्ची केळी वडिलांच्या शेडमध्ये तळायला भावाने सुरुवात केली, आणि त्या चिप्स रावेरच्या बाहेर नेल्या त्या कामिनीने. लग्न होऊन नशिराबादला गेली तरी आठवड्यातून तीनदा बसने यायची. याच खुर्चीवर बसून तिने बुऱ्हाणपूर, पुणे, नागपूरच्या दुकानदारांना, वसतिगृहांच्या खानावळींना मेल लिहिले. दर महिन्याला भावपत्रक जायचं आणि ऑर्डरी यायच्या. प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव तिने मराठीतच टाइप केलं होतं. इंग्रजीत एकच आडनाव चार तऱ्हांनी लिहितात आणि मग माणूस सापडत नाही, असा तिचा अनुभव होता.

दिवाळीनंतर नवी पाकिटं छापून आली. शाईचा वास चिप्सना लागतो की काय ते बघायला तिने एक पाकीट नाकाशी नेलं आणि मागची बाजू डोळ्यांसमोर आली. भागीदार म्हणून दोन नावं होती, प्रेमराज आणि सारिका. कर सल्लागाराने तसं सांगितलं, असं प्रेमराज म्हणाला. वर हसून म्हणाला, कागदावर नाव नाही म्हणून काय झालं, तू तर घरचीच. पाकिटापेक्षा तिला ते हसणं जास्त लागलं.

मग वाटणी करायला चुलते तोताराम आबांच्या ओसरीवर बैठक झाली. शेड, भट्टी आणि पाकिटावरचं नाव प्रेमराजकडे राहिलं. कामिनी नशिराबादला स्वतःचं काय ते उभं करणार होती. गिऱ्हाइकं कुणाच्या बापाची नसतात, आबा म्हणाले, म्हणून आजच्या दिवसापर्यंतचे पत्ते दोघांनी घ्यावेत. पुढचे ज्याने मिळवले त्याचे. कामिनीने मान डोलावली. तिला तेवढंच हवं होतं. घरामागे भट्टी लागली, पहिला घाणाही निघाला, आणि पत्ते मात्र आज पाठवतो, उद्या पाठवतो यातच अडकले. शेवटी आली ती ही फाइल.

तिने ती बंद केली आणि मेलचा प्रोग्राम उघडला. अॅड्रेस बुक उघडताना तिचा अंगठा टेबलाच्या कडेवर आपटत होता. नावं होती. सगळी जागच्या जागी, तिने टाइप केली तशी. तिने श्वास सोडला, पण राग तेवढाच राहिला. नावं इथे धड होती, म्हणजे ती बाहेर पडताना मेली होती.

तिने पत्त्यांचं ते पुस्तक फाइलमध्ये काढायचा आदेश दिला. काढलेली फाइल एक्सेलमध्ये उघडली. तीही धड होती. एकही प्रश्नचिन्ह नव्हतं.

“बघ, आली बरोबर,” प्रेमराज म्हणाला. “आता घेऊन जाय.”

“थांब.”

तिला घेऊन जायचं नव्हतं. हे कसं झालं ते तिला हवं होतं. तिने फाइलची एक नक्कल केली, नकलेतली एक ओळ पुसली आणि साठवायचं बटण दाबलं. एक चौकट वर आली. या तऱ्हेने साठवल्यास काही गोष्टी जपल्या जाणार नाहीत, तरी साठवायचं का, असं ती इंग्रजीत विचारत होती. कामिनीने हो म्हटलं, फाइल बंद करून पुन्हा उघडली. सगळीकडे प्रश्नचिन्हं.

बाहेर भट्टीच्या बर्नरचा आवाज येत होता.

“तू ही उघडून हिच्यातलं काहीतरी पुसलंस,” ती म्हणाली. भावाशी ती कायम घरच्या बोलीत बोलायची; आज तिच्या तोंडून पुस्तकातली मराठी येत होती आणि ती तिने येऊ दिली. “काय पुसलंस?”

प्रेमराजने फडकं खिडकीच्या गजावर टाकलं. “आबाच्या घरी काय ठरलं व्हतं? त्या दिवसापर्यंतचे. मंग नवी नावं काहाडून टाकली. त्यात काय चुकलं माझं?”

चुकलं नव्हतं. तेच तिला सहन होईना. त्याने नावं चोरली असती तर तिने त्याला चोर म्हटलं असतं आणि मोकळी झाली असती.

“कॉम्प्युटरने तुला विचारलं होतं,” ती म्हणाली. “काही गोष्टी जातील, चालेल का, असं विचारतो तो. तू हो म्हणालास.”

“मले काय माहीत काय जाईन ते.”

“पाठवायच्या आधी एकदा उघडून बघितलंस?”

प्रेमराज हाताचा चीक नखाने खरवडू लागला.

“पाकीट छापायला दिलं तेव्हाही नसेल बघितलं.”

यावर प्रेमराज काहीतरी बोलणार होता. त्याचं तोंड उघडलंही. पण बाहेरून ट्रकवाल्याने हॉर्न दिला आणि तो तसाच निघून गेला. जाताना दार त्याने उघडंच ठेवलं.

सारिकावहिनी चहा घेऊन आली आणि कप माऊसच्या शेजारी ठेवून तिथेच थांबली. अॅड्रेस बुकमधली नवी नावं ओळखायला कष्ट नव्हते. ती सगळी इंग्रजीत होती, वहिनीने टाइप केलेली. मधूनमधून, कामिनीच्या मराठी नावांच्या रांगेत कुणी दुसऱ्यानेच बी पेरावं तशी उगवलेली.

“ताई, सारीच घेऊन जा ना,” वहिनी हळूच म्हणाली. “मी त्यांले पहिल्याच दिवशी म्हटलं व्हतं, काहाडत बसू नका म्हणून. नाव छापायचं तेव्हाही मी म्हटलं व्हतं.”

ते खरं असेल, असं कामिनीला वाटलं, आणि खरं असलं तर अधिकच राग यायला हवा असंही वाटलं. बोलून गप्प बसलेल्या माणसाचं काय करायचं?

“मला तुमचं काही नको,” ती म्हणाली. “माझं तेवढं नेते.”

तिने केलं तसंच. एक बोट कीबोर्डच्या कळीवर दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने मराठी नावं एकेक करून निवडली. इंग्रजी नाव आलं की ते सोडून पुढचं. मध्येच बोट सुटलं आणि निवडलेली सगळी नावं गेली, तेव्हा तिने ओठ दाबले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. वहिनी बघत उभी होती. तिने बघावंच, असं कामिनीला वाटत होतं. शेवटचं नाव निवडल्यावर तिने पुन्हा बाहेर काढायचा आदेश दिला आणि फाइल पेनड्राइव्हवर घेतली. यावेळी उघडून बघितलीसुद्धा नाही. प्रोग्राममधून निघालेली फाइल धड असते, हे आता कळलं होतं. चहा तसाच राहिला.

बाहेर प्रेमराज ट्रकच्या मागे उभा राहून खोकी मोजून घेत होता. झालं का, असं त्याने विचारलं. झालं, ती म्हणाली. सावद्यापर्यंत गाडीवर सोडू का, असंही त्याने विचारलं. तिने नाही म्हटलं आणि उन्हात स्टँडकडे चालू लागली.

घरी पोहोचली तेव्हा तिचा नवरा ज्ञानेश्वर जळगावहून कामावरून नुकताच आला होता. काय झालं, असं त्याने विचारलं आणि तिने सगळं सांगितलं. चौकटीचं, हो म्हटल्याचं, उघड्या दाराचं. सांगताना आवाज इतका चढला की शेजारच्या अक्कांनी खिडकीतून डोकावून बघितलं. मग तिने लॅपटॉप पोळपाटाशेजारी ओट्यावरच ठेवला आणि फाइल उघडली.

नावं सुरेख आली होती. सगळी मराठीत. आणि त्यांच्या मधूनमधून, वहिनीने टाइप केलेली इंग्रजी नावंही.

तिने फाइल बंद करून परत उघडली. ती तिथेच होती. तिने निवडलेलं प्रोग्रामने विचारातच घेतलं नव्हतं. पुस्तक काढ म्हटलं की तो अख्खं पुस्तक काढत होता, पहिल्या नावापासून शेवटच्यापर्यंत. कुणी काय निवडलं, काय सोडलं, काही नाही.

ज्ञानेश्वरने मान वाकवून पाहिलं. कुणाला कळणार आहे, राहू दे, असं तो म्हणाला. त्यात लबाडी नव्हती. दिवसभर उन्हातान्हात फिरून आलेल्या बायकोला काहीतरी मिळालं, एवढंच त्याला दिसत होतं.

कामिनीने एका इंग्रजी नावावर बोट ठेवलं, दुकान सुरतचं. रावेरची गाडी तिच्या वेळी सुरतपर्यंत कधी पोहोचली नव्हती. वहिनीने कसं मिळवलं असेल, कुणाला मेल लिहिला असेल, काय लिहिलं असेल? ओळ पुसायला एक कळ पुरली असती. ती कळ दाबायच्या आधी तिने फोन उचलला. आपण काय बोलणार ते तिला नीट माहीत नव्हतं. कुणी आपल्याला चोर म्हणायच्या आत बोललं पाहिजे, एवढंच माहीत होतं.

प्रेमराजने लगेच उचलला.

“तुझी नवी नावं आलीत माझ्याकडे,” ती म्हणाली. “मी घेतली नाहीत. वहिनीला विचार, एकेक सोडून निवडली होती मी. त्या प्रोग्रामनेच सगळी दिली. आत्ता काढून टाकते, तेवढं सांगायला फोन केला. उद्या आबांकडे जाऊन काही म्हणू नकोस.”

तिकडे भट्टी बंद झाली असावी. कढई खरवडल्याचा आवाज येत होता, मग तोही थांबला.

“सुरतवाला आला का त्याच्यात?” प्रेमराजने विचारलं.

“आलाय.”

“त्याले तिखट पाठवू नको. गिऱ्हाइक खात नही म्हणून परत करतो तो. काळ्या मिऱ्याच्या पाठव.”

कामिनीचं बोट कळीवरच होतं. ज्ञानेश्वर तिच्याकडे बघत होता, म्हणून तिने भिंतीकडे तोंड केलं.

“मला नको सांगूस,” ती म्हणाली.

“बरं.”

पण तिने फोन ठेवला नाही. त्यानेही ठेवला नाही. मग प्रेमराज खाकरला आणि नव्या नावांतल्या इंदूरच्या माणसाचं सांगायला लागला.