रॉइस टॅकेटचं चिलखत

रॉइस टॅकेट माझ्या बंदुकांच्या दुकानात शिरला तेव्हा माझ्या हातात जर्दाळूचा कोलाचे होता, आम्हा चेक लोकांचा गोड पाव. मी तो परत कागदात गुंडाळून ठेवला. माझ्या भावाला मारणाऱ्या माणसासमोर गोड खाणं माझ्याच्यानं होईना.

'मारणारा' हा शब्द माझा. गावात बाकीचे अजून 'तो अपघात' म्हणतात. तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात माझा धाकटा भाऊ आल्विन आपल्याच कुरणाच्या फाटकाशी उभा असताना रॉइसनं त्याला गोळी घातली. म्हणे रानडुकरं मारत होता. टेक्ससच्या आमच्या भागात डुकरं एका रात्रीत मक्याचं शेत उलथंपालथं करतात आणि लोक त्यांच्या मागे रात्रीच निघतात, रायफलवर उष्णता दाखवणारी दुर्बीण लावून. तिच्यातून गरम ते पांढरं दिसतं आणि थंड ते काळं. गवतात एक पांढरा उंचवटा दिसला, डुक्कर वाटलं, असं रॉइसनं शपथेवर सांगितलं. दोघांत बारा फूट जमिनीवरून, कुंपणावरून दोन वर्षं धुसफूस चालली होती, तेही ज्युरीच्या कानावर घातलं होतं. पण आमच्याकडे कुंपणावरून कोण भांडत नाही? खटला चालवायचा की नाही हे ज्युरीच ठरवते; तिनं तो उभाच राहू दिला नाही. आल्विनच्या दफनाच्या दिवशी रॉइसच्या बायकोनं, लोरीननं, दुःखाच्या घरी नेतात तसं भट्टीत भाजलेलं बटाट्याचं कॅसरोल माझ्याकडे पाठवलं. मी ते भांड्यासकट कचऱ्यात फेकलं.

"कशा आहात, मिस व्लास्ता?" रॉइसनं हॅट काढून छातीशी धरली. रीतभात त्याची नेहमीच चांगली.

"काय हवंय?"

"चिलखत. आणि रात्रीचा चष्मा."

"का रे, डुकरं आता उलट गोळ्या झाडायला लागली?"

तो हसला. दात अजून पांढरेशुभ्र. "डुकरं नाहीत, तुमचा भाचा. लॅडी रोज संध्याकाळी माझ्या फाटकासमोर गाडी हळू करतो. परवा अग्निशमन दलाच्या जेवणात सगळ्यांदेखत म्हणाला, रॉइस टॅकेटनं ख्रिसमस बघितला तर मी बापाचं नाव लावणार नाही. ऐकलंत ना?"

"ऐकलं की. त्याच टेबलावर होते मी."

हे सांगितलं नाही, की त्यानंतर माझ्या बशीतलं ब्रिस्केटचं मांस मी फार चवीनं खाल्लं होतं.

"मग त्याला कळू दे, की मी तयार आहे," रॉइस म्हणाला. "म्हणून तर तुमच्याकडे आलो. ऑस्टिनला जाऊन घेतलं असतं तर त्याला कसं कळलं असतं?"

म्हणजे हा माझ्या हातानं माझ्याच भाच्याला निरोप धाडायला आला होता! पित्त खवळलं माझं. पण बावीस वर्षं काउंटरमागे उभी आहे. चेहरा कसा ठेवायचा ते मला कळतं.

आणखीही एक गोष्ट मला ठाऊक होती. रविवारी चर्चमध्ये मिसा संपल्यावर लॅडी दुकानात आला आणि रायफलच्या काडतुसांची एक पेटी घेऊन गेला. हरणांचा मोसम सुरू व्हायला अजून तीन आठवडे होते. कशासाठी, असं मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. जाताना नुसतं "येतो, आत्या" म्हणाला.

चिलखतं माझ्याकडे दोन जातींची असतात. एक मऊ, बंडीसारखं, शर्टाच्या आत मावणारं. ते पिस्तुलाची गोळी अडवतं. रायफलची गोळी त्यातून अशी जाते, की जणू काही मध्ये नव्हतंच. रायफलसाठी पाट्या लागतात, छातीला एक आणि पाठीला एक, जड आणि कडक. हा फरक मी प्रत्येक गिऱ्हाइकाला न विचारता सांगते. आजवर कधी चुकवलं नाही.

मी मऊ बंडी काउंटरवर ठेवली आणि गप्प बसले.

बंदुकांतलं सगळं कळतं म्हणून मिरवणाऱ्या पुरुषांची एक खोड आहे. चिलखतातलं काही कळत नसलं तरी ते विचारत नाहीत, लाज वाटते. रॉइसनं बंडी अंगात घातली, आरशात वळूनवळून बघितलं, पोटावर थापट्या मारल्या.

"हलकं आहे हो. घातलंय असं वाटतसुद्धा नाही. थांबवेल ना गोळी?"

"थांबवेल," मी म्हणाले. 'पिस्तुलाची' हा शब्द मी गिळला. घशात अडकला नाही, सरळ खाली गेला.

चिलखत विकताना मी एका कागदावर सही घेते, की कधी गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली नाही. शिक्षा झालेल्याला आमच्याकडे चिलखत बाळगता येत नाही. रॉइसनं कागद वाचला आणि डोळे मिचकावले.

"नाही झाली, मिस व्लास्ता."

"माहीत आहे. कर सही."

मग रात्रीचा चष्मा. हा उष्णता दाखवत नाही, असलेला उजेड वाढवतो. डोक्याला बांधून चालता येतं. मी सवयीनं म्हणाले, "एका डोळ्याचा घे. दुसरा डोळा अंधाराला सरावलेला राहतो." त्याला मात्र दोन डोळ्यांचाच हवा होता. तो फार महाग पडतो. म्हणून तो बाहेर जाऊन पिकअपमधून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला.

"ही घ्या आणि हिची किंमत वळती करा. नव्यासारखी आहे."

टॉवेल उलगडला तशी मी ओळखली. उष्णतेची दुर्बीण. मीच विकली होती त्याला.

"तीच?"

"तीच." तो हॅटच्या कडेकडे बघत म्हणाला. "शेरीफनं आठवडाभरात परत दिली होती. लोरीन तिला हात लावू देत नाही. तेव्हापासून कपाटात पडून आहे."

ज्या काचेतून माझा भाऊ शेवटचा दिसला, ती काच तो माझ्याच काउंटरवर ठेवून वर सूट मागत होता. तरी मी जुन्या मालाचा कागद पुढे सरकवला: नंबर, नाव, आणि खाली छापलेलं नेहमीचं वाक्य, की वस्तू आतल्या सगळ्यासकट दुकानाची झाली. त्यानं न वाचता सही ठोकली.

या जागी पूर्वी माझ्या वडिलांचा खाटीकखाना होता. सॉसेजला धूर द्यायची मागची खोली अजून तशीच आहे, बिनखिडकीची, काळी कुळकुळीत. भिंतीत सुईएवढं एक भोक आहे, तेवढाच उजेड. रात्रीचे चष्मे गिऱ्हाइकं तिथेच लावून बघतात. मी रॉइसला दोन्ही चष्मे दिले.

"निवांत बघ. मांस टांगायच्या आकड्यांना हात लाव, फडताळावरची अक्षरं वाच. घाई करू नकोस."

"बंडी काढू का?"

"असू दे अंगात. सवय होईल."

दार लागलं. मी दुर्बीण संगणकाला जोडली. जुनी दुर्बीण आली, की तिच्या आतलं पुसून मगच फळीवर ठेवायची, ही माझी पद्धत. लोक आत काय काय विसरून जातात! एकदा चर्चच्या एका डीकनच्या दुर्बिणीत शेजारणीची खिडकी निघाली होती.

या जातीत एक सोय असते. बंदुकीचा धक्का बसला, की चित्रण आपोआप साठवलं जातं, धक्क्याच्या आधीची काही सेकंदंसुद्धा, आवाजासकट. विकताना मीच ती चालू करून दिली होती. रॉइसनं माहितीपुस्तिका उघडली नसणार. लाल बटण दाबलं नाही म्हणजे चित्रण नाही, अशी त्याची समजूत. आणि शेरीफच्या माणसांनी दुर्बिणीतून बघितलं होतं, दुर्बिणीच्या आत कुणी बघितलं नव्हतं.

यादी उघडली. डुकरं, डुकरं, एक कोल्हा, पुन्हा डुकरं. सगळ्यात शेवटची तारीख मला वाचावी लागली नाही. ती आल्विनच्या दगडावर कोरलेली आहे.

अकरा सेकंदांचं चित्रण. फाटकाच्या आड आल्विनची गाडी, नुकतीच बंद केलेली, पुढचं झाकण पांढरंफेक. गवत नाही, उंचवटा नाही. गाडीसमोर दोन पायांवर ताठ उभा माणूस. समोर कुणीतरी आहे हे त्याला कळलं असावं, कारण त्यानं हॅट काढली आणि डोक्यावर धरून हलवली. शाळेतून येताना लांबून मला बघितलं, की तो अशीच टोपी हलवायचा. मग एक आवाज आला, अगदी जवळून, दुर्बिणीला गाल लावलेल्या माणसाचा.

"हलव, हलव. कुंपण हलव आता."

मग धक्का.

मी ते एकदाच बघितलं. रडले नाही. दातांवर दात इतके दाबले गेले, की दुपारपर्यंत जबडा दुखत होता. पाठीमागे भिंतीवर अकरा रायफली टांगलेल्या होत्या. आत अंधारात हा माणूस माझ्या वडिलांच्या खोलीत चष्मे लावून बघत होता, अंगात ती बंडी घालून. दार उघडायचं आणि काम संपवायचं. खरं सांगते, माझा हात वर गेला होता.

मग मला रॉइसचं दफन दिसलं. लॅडी मारो, नाहीतर मी मारो, रॉइस एका क्षणात मरेल आणि निर्दोष मरेल. पाद्री चार शब्द चांगले बोलतील. गावातल्या बायका लोरीनकडे कॅसरोल घेऊन जातील. आणि लॅडी, आमच्या घरातला शेवटचा पुरुष, जन्मभर तुरुंगात सडेल. इतकं स्वस्त मरण त्याला? आणि तेही मी देऊ?

खटला उभाच राहिला नव्हता, म्हणजे रॉइस सुटलाही नव्हता. खुनाच्या खटल्याला मुदत नसते, नवा पुरावा आला की तो आजही उभा राहतो. ती अकरा सेकंदं मी दोन ठिकाणी उतरवून घेतली. दुर्बीण त्याच्या सहीच्या कागदासकट तिजोरीत टाकली आणि मागचं दार उघडलं.

"ती बंडी काढ."

"का? दोन डोळ्यांचाच घेतो मी चष्मा. काय दिसतं हो!"

"काढ म्हणते ना. चुकीचं दिलं तुला. हे पिस्तुलापुरतं आहे."

तो थबकला. "म्हणजे रायफलची गोळी..."

"आरपार."

त्याचा चेहरा पडला. "मग आधी का नाही सांगितलंत?"

"मघाशी तू मेलास तरी मला चाललं असतं."

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. मीही हसले, त्यामुळे त्याची खात्रीच पटली.

दुकानातल्या सगळ्यात चांगल्या पाट्या मी खाली काढल्या, जवळून आलेली रायफलची गोळी अडवणाऱ्या. त्या मी त्याला स्वतः चढवल्या. पुरुष नेहमी पाटी खाली ओढून पोट झाकतात. मी ती वर घेतली, वरची कड गळ्याच्या खाचेशी आणली आणि दोन्ही बाजूंचे पट्टे आवळले. हाताखाली त्याचं काळीज धडधडत होतं, चांगलं दणकट. अजून चाळीस वर्षं चालेल, असं वाटलं आणि मला फार बरं वाटलं.

"आपटू नकोस, तडा जातो," मी म्हणाले. "आणि रोज घालत जा. फाटकापर्यंत जायचं असलं तरी."

"इतकी काळजी, मिस व्लास्ता?"

"आल्विनच्या अंगात नुसता शर्ट होता."

पैसे देऊन, पाट्या अंगात घालूनच तो बाहेर पडला. काचेतून मी त्याला बघत राहिले. गाडीत बसताना त्याला वाकता येईना.

राज्याच्या तपास अधिकाऱ्याला लावायचा फोन नंतरचा होता. आधी मी लॅडीला लावला. तासाभरानं त्यानं उचलला.

"रविवारची पेटी उघडलीस?"

तो म्हणाला, "का?"

"मला परत आणून दे. आत्ता. आणि त्याच्या फाटकासमोरून जायचं बंद कर."

"आत्या, तूसुद्धा? तो तुझ्या दुकानातून चिलखत घेऊन गेला म्हणे. गावभर झालंय."

"घेऊन गेला. सगळ्यात चांगलं दिलं मी."

"त्याला? का?"

"त्याला ओरखडा उठता कामा नये, लॅडी. पडसंसुद्धा होता कामा नये," मी म्हणाले. "तू ये, तुला काहीतरी दाखवायचंय. तुझा बाप हॅट हलवतोय."