मृदंग वाजतोय तोवर

काल्याचं कीर्तन अर्धवट सोडून रुख्माबाई आजवर कधी उठली नव्हती. घरी पाहुणे येवोत की शेतात कापूस वेचायचा राहो, गजर सुरू झाला की बाई मंडपात पहिल्या रांगेत. आज तर आर्वीचे महाराज असे रंगले होते की विणेकऱ्याच्या डोळ्यांतून धारा लागलेल्या. पण रुख्माबाईला आसनाखाली निखारे ठेवल्यासारखं झालं होतं. घडीघडी मान वळवून ती बायकांत नजर फिरवायची. मोहिनी नव्हती. तिची सासू होती, मोहिनी नव्हती.

समोर मोहिनीचा नवरा कैलास मृदंग वाजवत होता. त्याच्या हाताचं कौतुक पार सेलूपर्यंत. रुख्माबाईनंही किती वेळा कडाकडा बोटं मोडून त्या हाताची दृष्ट काढली असेल.

रुख्माबाई गावची आशाताई. घरोघर फिरून गरोदर बायांची, लेकरांच्या लसींची काळजी वाहायची. मागल्या आठवड्यात गोठ्याच्या आडोशाला मोहिनीनं पदर सारून तिला दंडावरचे वळ दाखवले होते. "काकू, कोणाले सांगू नका," म्हणाली होती.

रुख्माबाईचा जीव कळवळला. आणि जीव कळवळला की या गावची एक रीत होती. सुनेच्या डोळ्यांत पाणी दिसलं की मानाच्या माणसानं तिच्या घरी जायचं, नवऱ्याला दोन शब्द सांगायचे, ओसरीवर चहा प्यायचा, की झालं. रुख्माबाई त्याच संध्याकाळी गेली.

"काय रे कैलास, मृदंगाले हात लावायच्या आधी नमस्कार करतं, मंग घरच्या लक्ष्मीवर हात काऊन उचलतं?"

"चुकलं काकू." तो तिच्या पायाशी वाकला. "आता नाई होणार."

चहा मोहिनीनंच आणला. कप ठेवताना तिनं रुख्माबाईकडे एकदा पाहिलं, बस एकदा. रुख्माबाई समाधानानं घरी आली आणि जेवून झोपली.

तेव्हापासून मोहिनी कुणाला दिसली नव्हती. नळावर नाही, किराण्यात नाही. शेवटी रुख्माबाईनं उपकेंद्रातल्या पौर्णिमा सिस्टरला सारं सांगितलं. सिस्टर रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं विचारलं, "मावशी, तिनं तुम्हाला जायला सांगितलं होतं का?"

ते वाक्य कुसळासारखं रुतून बसलं होतं.

महाराजांनी चाल धरली, टाळ चढले, आणि रुख्माबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मृदंग वाजतोय तोवर कैलास जागचा हलत नाही. भोंगा साऱ्या गावाला ऐकू येतो. ती हात जोडून उठली.

"आता कुठं निघाल्या वो? काला नाई घ्यायचा?" शेजारची गुलाब म्हणाली.

"येतो व, पोटात कळ आली."

मोहिनीनं दार बोटभरच उघडलं. डावा हात छातीशी धरलेला, मनगट सुजून टम्म.

"तुमी काऊन आल्या?"

"सिस्टर केंद्रात हाय. मृदंग वाजून राह्यला तोवर तो येत नाई. चालतं का माय?"

"अन् मंग तुमी त्याले सांगान."

रुख्माबाई दारातून एक पाऊल मागं सरली. भोंग्यातून बोल घुमत राहिले. मग मोहिनीनंच पायात चपला सरकवल्या, बाहेरून कडी घातली आणि तिच्या पुढं चालू लागली.

उपकेंद्रात सिस्टर एकटीच होती. तिनं मोहिनीला ओढलं नाही, कवटाळलं नाही. "दार लावू की उघडं ठेवू? मावशी आत असू देत की बाहेर?"

"लावा," मोहिनी म्हणाली. "काकू बाहेर."

रुख्माबाई पायरीवर बसली. आतून सिस्टरचा आवाज येत होता. सावकाश, जणू साऱ्या दुनियेचा वेळ तिच्या पदरात बांधलेला. "हात पाहू? नको वाटलं तर नको म्हण. आता इथं दाबते, थोडं दुखेल." मग पुन्हा तेच. इकडे रुख्माबाई पायरीवरून उठायची, बसायची, पुन्हा उठायची. अहो, काय पुसत बसल्या! मानगुटीला धरून गाडीत घाला आणि न्या! एकदा तर तिनं दारावर थाप मारायला हात उगारला, आणि उगारलेला आपलाच हात पाहून खाली घेतला.

एकाएकी भोंग्यातला ठेका ढिला पडला. बोल पडत होते, पण मागं रेटणारा जोर गेला. इतकी वर्षं ज्या हातावर तिनं मान डोलवली, तो हात तिला कळणार नाही? मृदंग दुसऱ्या कुणीतरी घेतला होता.

तिनं दार ढकललं. "सिस्टर, कैलास उठला!"

मोहिनी भिंतीला टेकली. सिस्टरनं तिच्यापासून दोन हात दूर उभं राहूनच विचारलं, "मोहिनी, मनगट मोडलंय असं वाटतंय, एक्स-रेचा फोटो काढावा लागेल. ॲम्ब्युलन्स बोलावू, की मागं नागसेनचा ऑटो आहे त्यात वर्ध्याला निघू? घरी जायचं म्हणालीस तरी मी आहेच. तू सांग."

रुख्माबाईच्या जिभेवर शंभर गोष्टी आल्या. तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला.

"ॲम्ब्युलन्स वाजते," मोहिनी म्हणाली. शब्द सुटे सुटे येत होते. "ऑटो."

"मी येतो संगं!"

"नाई काकू. तुमी मंडपात जा. तुमी नाई दिसल्या तं त्याले समजन."

रुख्माबाई निघाली.

गल्लीच्या तोंडाशीच कैलास भेटला. कपाळावर बुक्का, गळ्यात माळ, श्वास फुललेला. "काकू, घराले बाहेरून कडी हाय. मोहिनी दिसली काय?"

याच माणसाला दोन शब्द सांगायला तिचे ओठ शिवशिवले. आत्ता, इथं, चव्हाट्यावर! मागं कुठंतरी ऑटोनं एक आचका दिला आणि पुन्हा गप्प झाला.

"नाई बा," ती म्हणाली. काल्याच्या दिवशी, गळ्यात तुळशीमाळ असताना, सरळ त्याच्या डोळ्यांत पाहून. "मंडपात असन सासूपाशी. अन् तू हांडी फुटायच्या वक्ताले मृदंग सोडून कुठं फिरून राह्यला? तो बापूजी कसा बदडते, ऐक. महाराज तिकडं तोंड वाकडं करून राह्यले."

कैलासनं घराकडे पाहिलं, मंडपाकडे पाहिलं. बापूजीचा हात पुन्हा एकदा समेवर चुकला.

"याले काई येत नाई," तो पुटपुटला आणि मागं फिरला.

रुख्माबाई त्याच्या पाठोपाठ गेली आणि पहिल्या रांगेत, त्याला मान वर करताच दिसेल अशी बसली. त्यानं मृदंग मांडीवर घेतला. मंडप पुन्हा थरारला, लोक उभे राहून नाचू लागले, गुलाबनं तिचा दंड धरून ओढलं. ऑटो नाल्यापलीकडे गेला असेल का? पुढं गायी आडव्या आल्या नसतील ना? पोरीनं ऐनवेळी मन तर बदललं नसेल? बदललं तरी ते तिचंच, हे रुख्माबाईनं मनाला बजावलं, आणि मन काही ऐकेना. कैलासनं मान वर केली, तिच्याकडे पाहिलं. तिनं दोन्ही हात उंच केले आणि त्याच्या ठेक्यावर टाळी धरली. पांडुरंगा, त्याले इथंच ठेवजो, अजून थोडं, अजून थोडं.