इंदूबाईंची साक्ष

चैत्रातल्या दुपारी सुरतेजवळच्या उधन्याच्या गल्ल्यांवर ऊन पांढरं, जडशीळ होऊन पडलेलं असे आणि यंत्रमागांचा अखंड खडखडाट भिंतींतून झिरपत घराघरांत येऊन बसे. त्या कोलाहलाच्याही वर इंदूबाईंचा आवाज चढलेला असायचा. पाणी हवंय का, एवढंसुद्धा त्या ओरडून विचारत. नवख्याला वाटे, बाई भांडखोर आहे. पण ही सवय त्यांना नवऱ्यासाठी लागली होती. भास्करभाऊ खानदेशातून आले ते ऐन तारुण्यात. वर्षानुवर्षं मागांच्या रांगेत उभं राहून त्यांचे कान विझत गेले, संध्याकाळचा उजेड विझतो तसे, नेमक्या कोणत्या क्षणी ते कुणालाही कळू न देता.

मी तिथल्या मराठी शाळेत शिकवत होते आणि त्यांची थोरली मुलगी माझ्या वर्गात होती. नव्वदीच्या त्या दशकात यंत्रमाग कामगारांवर माहितीपट करायला पुण्याहून अनघा आली, तेव्हा मी तिला आधी इंदूबाईंकडेच नेलं. भास्करभाऊ पाळीवर होते. इंदूबाईंनी पदरानं तोंड पुसलं, उंबऱ्यात बसल्या आणि कॅमेऱ्याकडे असं पाहिलं, जणू फार उशिरा भेटीला आलेला तो एखादा नातलगच.

“धाकली पोर रडस ते बी त्यास्ले ऐकू येस नही,” त्या म्हणाल्या. “मी शेठले सांगं, कान झाकाले काही द्या. शेठ हसना.”

बस, एवढंच. त्यांच्या स्वरात संताप नव्हता; संताप करायलाही जी ताकद लागते, ती बहुधा कधीच खर्ची पडली होती.

अरुंद गल्लीत कॅमेरा लपत नाही. त्यांचं बोलणं कारखान्यापर्यंत पोचलं. एका सकाळी मागांवर देखरेख करणारा मास्टर भास्करभाऊंच्या पाठीशी येऊन गुजरातीत म्हणाला, “कालथी नहीं आवतो.” उद्यापासून येऊ नकोस. भास्करभाऊंना ते ऐकूच गेलं नाही. ते तुटलेला धागा जोडत राहिले. शेवटी मास्टरनं त्यांचा माग बंद केला. तळपायांखालची थरथर थांबली, तेव्हा ते वळले आणि मास्टरचा हलणारा पंजा पाहून त्यांना उमगलं. हे सगळं शेजारच्या मागावरच्या माणसानं घरी येऊन सांगितलं. भास्करभाऊ स्वतः भिंतीला टेकून नुसते बसले होते.

मी कळवल्यावर अनघा पहिल्या गाडीनं आली. तिचा चेहरा उतरला होता. “तुमचा भाग मी काढून टाकते,” ती म्हणाली. “मग कदाचित शेठ त्यांना परत घेईल.” इंदूबाईंनी हातवारे करून, ओठ सावकाश हलवून नवऱ्याला ते समजावलं. बहिऱ्या माणसाच्या त्या सपाट, उतार-चढाव हरवलेल्या आवाजात भास्करभाऊ म्हणाले, “काढी टाका. मले काम जोयजे.”

इंदूबाई उठल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या कानावर हलकेच हात ठेवला. आजारी मुलाचं कपाळ चाचपावं तसा तो स्पर्श होता. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, “मी जे बोलनू ते खरं शे. ऱ्हाऊ द्या.” भास्करभाऊंनी मान फिरवली. पुढे कित्येक दिवस त्या घरात खुणांचं बोलणंही बंद होतं.

आसपासच्या एकाही कारखान्यानं त्यांना माग दिला नाही. ते कापडबाजारात गठ्ठे वाहू लागले. इंदूबाई साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम घरी आणत. दिवसभर वाकून त्यांची मान दुखायची आणि बोटांना सरसाचा वास लागून राहायचा.

माहितीपट पुरा झाला, तेव्हा शाळेच्या पटांगणात पांढरं कापड बांधून आम्ही तो दाखवला. दिवेलागणीची वेळ होती. पडद्यावर माग सुरू झाले आणि बायकांनी पोरांच्या कानांवर हात ठेवले. भास्करभाऊ तेवढे निश्चल बसले होते. मग इंदूबाईंचा चेहरा आला, सबंध कापडभर. भास्करभाऊ पुढे झुकले. ज्या शब्दांपायी त्यांचं काम गेलं, ते शब्द नेमके कोणते, हे त्यांना तोवर ठाऊकच नव्हतं. घरी दोघांनीही तो विषय टाळला होता. आता ते तिच्या ओठांवरून एकेक शब्द वेचत होते. धाकटीच्या रडण्याचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी मांडीवर झोपलेल्या तिच्याकडे पाहिलं. मग शेजारी बसलेल्या बायकोकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, “तू हे बोलनी व्हती?”

इंदूबाईंनी होकाराची मान हलवली.

“खरं शे,” भास्करभाऊ म्हणाले. आणि अंधारू लागलेल्या पटांगणात त्यांनी तिचा हात धरला, चारचौघांत, बहुधा पहिल्यांदाच.

त्यानं काम परत मिळालं नाही. कारखाने तसेच चालत राहिले. पुढल्या वर्षी समुद्राकाठी हजीऱ्याकडे कुठल्याशा बांधकामावर भास्करभाऊंना काम लागलं आणि ते कुटुंब तिकडे गेलं. मी एकदा चौकशी केली तेव्हा ते तिथूनही हलले होते; कुठे, ते कुणाला सांगता आलं नाही.

माहितीपटाची एक प्रत माझ्याकडे आहे. ती मी क्वचितच पाहते. चित्रातली माणसं आपापल्या वयाशी थांबून राहतात, निघून गेलेली मात्र कुठेतरी आपल्यावाचून म्हातारी होत असतात. आणि आठवण म्हणजे त्या दोन वयांमधलं, रोज थोडं थोडं वाढत जाणारं अंतर.