अधूनमधून अडणारं पिस्तूल

नेमबाजीच्या क्लबात पिस्तुलांच्या देखभालीचं काम मिस्तरीकडे होतं, आणि त्या कामात त्याचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. त्याचं सगळ्यात कटकटीचं गिऱ्हाईक म्हणजे त्याच्या सासूबाई.

सासूबाईंनी जन्मभर शिवणकामाचं दुकान चालवलं. ते जावेच्या हवाली केल्यावर बरोबरीच्या बायका गुडघ्यांची गाऱ्हाणी सांगत बसल्या, पण सासूबाई मात्र जावयाच्या मागे लागून नेमबाजी शिकल्या. नुसत्या शिकल्या नाहीत, तर ज्येष्ठांच्या स्पर्धेत भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळवू लागल्या.

अलीकडे मात्र त्यांचं पिस्तूल अडायला लागलं होतं. गोळी सुटायची, पण रिकामी पुंगळी बाहेर उडून पडायच्या ऐवजी वरच्या सरकत्या भागाच्या, म्हणजे स्लाइडच्या, फटीत अडकून उभी राहायची. तेही रोज नाही. दोन दिवस शहाण्यासारखं चालायचं आणि तिसऱ्या दिवशी ऐन रंगात आल्यावर रुसायचं. गेल्या स्पर्धेतही ते असंच अडलं आणि त्या हरल्या.

"जावईबापू, पुन्हा तेच!" नळी निशाणाकडेच ठेवून सासूबाईंनी मोकळा हात वर केला.

मिस्तरीने येऊन गोळ्यांचं मॅगझिन काढलं, पुंगळी पाडली, आत गोळी उरली नाही हे डोळ्यांनी पाहिलं आणि बोट घालूनही पाहिलं.

"आई, गोळ्या कुठल्या होत्या?"

"तुम्ही दिल्यात त्याच. आता काय पिस्तुलाचे डोहाळे पुरवू?"

मिस्तरीने गोळ्यांची जात बदलली. मग मॅगझिन बदललं, कारण त्याच्या तोंडाच्या कडांना जरा बाक आला तरी गोळी वाकडी चढते. मग स्लाइडची स्प्रिंग नवी घातली. दर वेळी पिस्तूल खोलून, पुसून, तेलाचा थेंब देऊन तो स्वतः चालवून बघायचा. त्याच्या हातात ते सुतासारखं सरळ चालायचं. सासूबाईंच्या हातात गेलं की आज ना उद्या अडायचंच.

तेव्हा त्याच्या मनात दुसरीच शंका आली. गोळी सुटताना स्लाइड जोरात मागे येते. त्या वेळी धरणाऱ्याचं मनगट घट्ट नसेल तर अख्खं पिस्तूलच मागे ढळतं, स्लाइड पुरती मागे जात नाही आणि पुंगळी अडकते. आणि सासूबाई हल्ली चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात, हे त्याने पाहिलं होतं.

त्याने बायकोला गाठलं. "तूच सांग ना तुझ्या आईला."

"मी? मला अजून माहेरी येऊन-जाऊन राहायचंय," बायको म्हणाली. "पिस्तुलाचं खातं तुझं. तूच निस्तर."

शेवटी दुसऱ्या दिवशी सराव संपताना त्याने धीर केला. "आई, पिस्तुलात काही नाही. तुमचं मनगट ढिलं पडतंय."

सासूबाईंनी पिस्तूल टेबलावर ठेवलं. कानांवरची टोपणं काढली.

"म्हातारी झाले, असं म्हणा ना सरळ."

"तसं नाही, आई..."

पण त्या निघाल्या होत्या. पिस्तूल न पुसता त्या पहिल्यांदाच गेल्या. मिस्तरीचं मन इतकं खट्टू झालं की त्यानेही ते तसंच कपाटात ठेवलं. पुढे सासूबाई क्लबात फिरकल्या नाहीत. घरी फोन यायचा तो लेकीसाठी. जावई बरा आहे की आजारी, याची चौकशी नाही.

मग एका सकाळी क्लबाच्या प्रशिक्षकाला नवख्यांसमोर गोळ्या झाडून दाखवायच्या होत्या. हाताशी दुसरं पिस्तूल नव्हतं, म्हणून त्याने सासूबाईंचंच मागून घेतलं. प्रशिक्षकाचं मनगट म्हणजे ओंडका. जरा वेळाने तो हाका मारत आला.

"मिस्तरी, हे काय खेळणं दिलंस? दोनदा अडलं!"

मिस्तरीचा चेहरा उतरला. ओंडक्याला ढिलं म्हणायची सोय नव्हती. त्याने पिस्तूल न पुसता, होतं तसंच खोललं. पुंगळीला धरून बाहेर ओढणारा एक बारका आकडा असतो. त्याच्या मागची तांदळाच्या दाण्याएवढी स्प्रिंग मऊ पडली होती. पिस्तूल स्वच्छ असलं की ती कसंबसं काम रेटायची, पण आकड्याखाली थोडी काजळी साचली की तिचा दम संपायचा. आणि मिस्तरी तर दर वेळी आधी लख्ख पुसायचा, मगच चालवून बघायचा. दोष तो स्वतःच झाकत आला होता.

त्याने नवी स्प्रिंग बसवली. या वेळी न पुसता, दोन दिवस काळं होईपर्यंत चालवलं. एकदाही अडलं नाही. संध्याकाळी जुनी स्प्रिंग कागदात बांधून तो सासूबाईंकडे गेला.

दार त्यांनीच उघडलं. उजव्या मनगटाला पट्टा होता.

"हे काय, आई?"

"बसा आधी." त्या समोर बसल्या. "तुमचा राग आला म्हणून डॉक्टरकडे गेले. म्हटलं, मनगट ठणठणीत आहे असं लिहून आणते आणि तुमच्या नाकावर टिच्चून दाखवते. तर त्यांनी तुमचीच री ओढली. मनगटातली नस दबलीय. इतकी वर्षं कात्री चालवली, त्याचं हे फळ. शस्त्रक्रिया करायची म्हणतात."

"बोटं बधिर व्हायची का?"

"व्हायची. कुणाला सांगायचं? तुम्ही लगेच घरी बसवलं असतंत."

मिस्तरीने कागद सोडून स्प्रिंग टेबलावर ठेवली. "पण पिस्तूल अडायचं ते हिच्यामुळे. मी उगाच तुमच्यावर ढकललं. चुकलं माझं."

सासूबाईंनी स्प्रिंग डाव्या हाताने उचलून उजेडात धरली. मिस्तरीला वाटलं, आता हसतील.

"म्हणजे गेली स्पर्धा मी असल्या पिस्तुलावर हरले?"

"होय."

"आणि तुम्ही शेवटपर्यंत म्हणत होतात, पिस्तुलात काही नाही."

"होय, आई."

त्यांनी स्प्रिंग कागदावर परत ठेवली. मग आत जाऊन चहा घेऊन आल्या, एका हाताने एकेक कप आणत. मिस्तरी मदतीला उठला, तर त्यांनी त्याला डोळ्यांनीच खाली बसवलं.

शस्त्रक्रिया नीट झाली. बोटांतला बधिरपणा गेला, पण पकडीत पूर्वीचा जोर काही आला नाही. डॉक्टरांनी धीर धरायला सांगितलं. धीर हा सासूबाईंचा प्रांत नव्हता. त्यांनी डाव्या हाताने सराव सुरू केला. मिस्तरीने लाकूड तासून पिस्तुलाला डाव्या हाताची मूठ करून दिली. पुढच्या स्पर्धेत त्या जवळजवळ तळाला आल्या. बाहेर येताच त्यांनी मिस्तरीला गाठलं.

"अंगठ्याला टोचतेय मूठ. कानस आहे ना?"

"आहे, आई."

"मग बघत काय बसलात? घासा."