प्लेव्हनाची कुमक

नेपरव्हिलला मुलाकडे येऊन त्र्यंबकरावांना दोन महिने झाले होते. निमिष आणि सूनबाई सकाळी सातच्या ट्रेनने शिकागोला जात, आणि मग बर्फात बुडालेल्या त्या घरात दिवसभर ते एकटेच. चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला माणूस टीव्ही बघून बघून किती बघणार?

शेवटी त्यांनी जेवणाच्या टेबलावर प्लेव्हनाची लढाई मांडली. १८७७ सालचं रशिया-तुर्कस्तान युद्ध. राजमा म्हणजे तुर्क, हरभरे म्हणजे रशियन. चढाईत मूठभर हरभऱ्यांनी दोन बुरूज घेतले होते आणि ते कुमकेसाठी निरोपावर निरोप धाडत होते. राखीव फौज मागे, लोणच्याच्या बरणीपाशी, नुसती उभी. ती हललीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी जिंकलेले बुरूज सोडून सगळ्यांना माघारी फिरावं लागलं.

"अरे, जा की मेल्यांनो," त्र्यंबकराव बरणीकडे बघत करवादले.

सकाळपासून त्यांनी निमिषच्या ऑफिसात दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा मशीनवर एकच निरोप ठेवला, "सहज केला होता."

दुपारी फोन वाजला तसे ते धडपडत उठले.

"बाबा, गराज उघडं राहिलंय का, जरा बघता?"

ते बघून आले. "बंद आहे. तू जेवलास का?"

"मीटिंग आहे बाबा, ठेवतो."

ते टेबलाशी परत आले. इतिहासात असं काही घडलं नव्हतं, तरी बरणीपाशचा एक हरभरा उचलून त्यांनी बुरुजात नेऊन ठेवला.